कळ येती, कळ जाती

खोली बघायला गेले तेव्हा घरमालकीणबाईंनी भाड्याचं काही काढलंच नाही. आधी माझ्या पायांकडं निरखून बघितलं आणि विचारलं, "चप्पल किती नंबरची लागती तुला?"

मी सहा म्हटलं. त्या आत गेल्या आणि खोक्यासकट बुटांचा कोरा जोड घेऊन आल्या. निळे, बाजूनं नारिंगी पट्टा असलेले पळायचे बूट. पुण्याला असलेल्या मुलानं पाठवलेले. मुलाच्या डोक्यात आईचा पाय सहा नंबरचाच राहिला होता. नोकरीभर चालून चालून तो पसरला होता आणि आता सातही घट्ट व्हायला लागला होता, पण हे मुलाला कळवायचं त्यांच्या मनात नव्हतं. दर दिवाळीला बूट यायचे आणि दर दिवाळीला त्या फोनवर 'लय छान बसले' म्हणून सांगायच्या.

मी तिथंच ओट्यावर बसून बूट घातले. नेमके बसले.

"मग झालं तर. खोली तुझी," त्या म्हणाल्या. "उद्या पहाटे खाली ये."

मी बँकेत नोकरीला. लातूरहून बदली होऊन मानवतला नुकतीच आले होते, आणि सुटलेली एसटी गाठण्यापलीकडं आयुष्यात कधी पळाले नव्हते. पण एकट्या बाईनं खोली शोधायची म्हणजे काय ते मी आठवडाभर बघत होते. लग्न का नाही इथून सुरुवात व्हायची आणि आडनाव विचारून, मग गाव विचारून, हळूच जातीपर्यंत गाडी यायची. इथं फक्त चपलेचा नंबर विचारला होता. दुसऱ्या दिवशी पहाटे मी खाली गेले.

सगळं मानवत त्यांना सिस्टर म्हणायचं. त्या सरकारी नर्स होत्या. सगळी नोकरी तालुक्यातल्या उपकेंद्रांवर गेली. खेड्यातून दवाखान्यापर्यंत पोचणं अवघड होतं त्या काळात त्या घरोघरी जाऊन बाळंतपणं करायच्या. कधी बैलगाडीत बसून, कधी कुणाच्या सायकलवर मागं, पण बहुतेक वेळा पायीच. रिटायर होऊन काही वर्षं झाली होती, नवराही गेला होता. बैठकीत बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरींशेजारी त्याचा फोटो होता. पहाटे निघताना त्या तिन्ही तसबिरींना हात जोडायच्या, मग बाहेर येऊन गल्लीतल्या कुत्र्यांना 'येते रे' म्हणायच्या आणि निघायच्या. कुत्र्यांना सांगितलं नाही तर ती मागं लागतात, असं त्यांचं म्हणणं होतं.

त्यांचा पळायचा पोशाख मी दुसऱ्या कुणाच्या अंगावर बघितला नाही. फिकी सुती साडी, गुडघ्याच्या वर खोचलेली. तिच्या खाली मुलाची जुनी ट्रॅकपँट. डोक्याला मफलर, आणि पायात बाजारातून घेतलेले पुरुषांचे पांढरे कॅनव्हासचे बूट. पाऊल अगदी लहान टाकायच्या, पाय जमिनीपासून फार उचलायच्या नाहीत. बघणाऱ्याला वाटावं, बाई घाईत कुठंतरी निघाल्यात. पण ती घाई संपायचीच नाही. वालूरच्या रस्त्यानं पार लांब जाऊन परत येईपर्यंत तीच चाल असायची.

आधी त्या एकट्याच पळत. मग त्यांच्यामागं एकेक जण लागत गेला. उर्दू शाळेतले रफिक सर आले, मग कापसाच्या आडतीतले गोविंदशेठ आले, मग मी. परभणीला दरवर्षी होते त्या मॅरेथॉनमध्ये उतरायचं, पूर्ण नाही तर निदान अर्धी, एकवीस किलोमीटर, हे रफिक सरांनी काढलं. गोविंदशेठ वजन कमी करायला आलेले, त्यांना एकवीस किलोमीटर मोटरसायकलवरसुद्धा जास्त वाटायचे. पण सगळे हो म्हणाले म्हणून तेही हो म्हणाले.

सिस्टर कायम सगळ्यांच्या मागं पळायच्या. पुढं जायची ताकद होती, ती कधीमधी दिसायची, पण पुढं गेलं की मागं कोण पडलं ते दिसत नाही म्हणायच्या.

त्यांच्या हातून जन्मलेली माणसं त्या रस्त्यावर इतकी भेटायची की आम्हाला गंमत वाटायची. कुणी ट्रॅक्टर हळू करून नमस्कार करी, कुणी चहाच्या टपरीवरून हात हलवी. सिस्टरांना नावं फारशी आठवत नसत. त्या माणसाला त्याच्या जन्मावरून ओळखायच्या. दूधवाला शेजारून गेला की म्हणायच्या, "ह्याच्या गळ्यात नाळ व्हती. निळा पडला व्हता निळा. आता बघा कसा हॉर्न वाजवायलाय."

रफिक सर आणि गोविंदशेठ दोघंही त्यांच्याच हातचे. दोघांच्या पळण्याचं कारण त्यांना जन्मातच सापडलं होतं. रफिक सर पायाळू, आधी पाय बाहेर आले, म्हणून ते पुढं पळतात. गोविंदशेठांनी आईला दोन दिवस ताटकळत ठेवलं, यायलाच तयार नव्हते. शेठ रस्त्यात धापा टाकत उभे राहिले की सिस्टर मागून येऊन म्हणायच्या, तवा बी तू असंच केलंस. चाळिशीला टेकलेला, बाजार समितीत वजन असलेला माणूस मुकाट्यानं पुन्हा पळायला लागायचा.

रफिक सर विज्ञान शिकवायचे. त्यांना हे पटायचं नाही. "सिस्टर, ऐसा कुच नै होता," ते म्हणायचे.

"मग तू पुढं कामून पळतूस?"

"मी तुमच्यापेक्षा तीस वर्षांनी लहान हाय म्हणून."

सिस्टरांनी पळता पळता ह्यावर खरोखर विचार केला. मग म्हणाल्या, "ते बी असंल."

माझ्या बाबतीत मात्र त्यांची पंचाईत झाली होती. मी बाहेरची, माझा जन्म त्यांना ठाऊक नव्हता. मी सुरुवातीलाच जोरात सुटायची आणि गावाबाहेरच्या पुलापर्यंत जाऊन गळून जायची, ह्याचा त्यांना उलगडा होईना. शेवटी म्हणाल्या, आईला फोन करून विचार, तू कशी झालीस. मला संकोच वाटला. आमच्या घरात असलं कुणी बोलत नाही. तरी एका रविवारी विचारलं. आई आधी हसली, कशाला गं आता ते, म्हणाली. मग बोलायला लागली ती थांबेचना. मी दिवस भरायच्या आत झाले होते. कापसाच्या बोळ्यानं दूध पाजलं होतं. माझ्या आजोबांनी नाव ठेवायला नको म्हटलं होतं, जगेल की नाही कुणाला ठाऊक म्हणून. एवढ्या वर्षांत आईनं हे मला सांगितलं नव्हतं आणि मीही कधी विचारलं नव्हतं. फोन ठेवल्यावर मी बराच वेळ गच्चीवर बसून होते.

सिस्टरांना सांगितलं तर त्यांचा चेहरा उजळला. "मनूनच घाई करतीस," त्या म्हणाल्या. "आता आलीस ना बाहेर? मग हळू."

हसू आलं, पण त्या दिवसापासून मी हळू सुटायला लागले आणि पुलाच्या पुढं जायला लागले. त्याचं कारण काय असेल ते असो.

त्यांचे सगळेच उपाय लागू पडायचे असं मुळीच नाही. तळपायाला एरंडेल चोळून पळायचं, हा त्यांचा एक हट्ट. गोविंदशेठांनी ऐकलं आणि त्यांचा पाय बुटातल्या बुटात असा सटकला की घोटा मुरगळून ते दोन आठवडे आडतीत स्टुलावर पाय ठेवून बसले. सिस्टर रोज त्यांना बघायला जायच्या. आपला उपाय चुकला असं त्या कधी म्हणाल्या नाहीत. तेल जास्त झालं, एवढंच म्हणाल्या.

दुखण्याच्या बाबतीत त्या फार कडक. नुसतं 'दुखतंय' म्हटलेलं चालायचं नाही. कुठं दुखतंय, बोट लावून दाखव, म्हणायच्या. बहुतेक वेळा बोट लावायला गेलं की नेमकी जागा सापडायची नाही, आणि तेवढ्यात आपण थोडं पुढं गेलेलो असायचो. आणि चढावर छाती भरून आली की त्यांचं बाळंतिणीला सांगायचं बोलणं सुरू व्हायचं. दात खाऊ नको. तोंड उघड. फुंकर मार. "कळ येती, कळ जाती," त्या मागून सांगत राहायच्या, "मधी सुट्टी असती. सुट्टीत पळून घे." गोविंदशेठांना हे ऐकताना लाज वाटायची. रस्त्यानं ओळखीचा शेतकरी आला की ते मुद्दाम दोन पावलं पुढं काढायचे. पण फुंकर तेही मारायचे.

ह्या बाई ह्या वयात पळतात कशाला, ह्याचं मला फार कुतूहल होतं. मी विचारायची, दुसऱ्यांनी विचारलेलंही कान देऊन ऐकायची. गोविंदशेठांना त्यांनी शुगर सांगितली होती. त्यांना शुगर नव्हती, रिपोर्ट मीच आणले होते. रफिक सरांना सांगितलं, पेन्शन बसून खाल्ली तर अंगी लागत नाही. शाळेतल्या पोरांनी विचारलं तर म्हणाल्या, एकदा कुत्रं मागं लागलं तेव्हापासून थांबायचंच राहून गेलं.

मला एकदा जरा वेगळं सांगितलं. आम्ही दोघी अंगणात गव्हातले खडे निवडत होतो. त्या म्हणाल्या, नोकरीत कुणी ना कुणी पहाटे दार वाजवायचं, सिस्टर चला. की लगेच उठून त्याच्यामागं झपाझप निघायचं. रिटायर झाले अन् दार वाजायचं बंद झालं. "पण पायांना कोण सांगनार? ते आपले पहाटे उठून बसायचे." मला वाटलं, सापडलं खरं कारण. दुसऱ्या दिवशी त्यांनी चहाच्या टपरीवाल्याला माझ्यासमोर शुगरच सांगितली.

थंडी पडायला लागली तेव्हा वैशाली आली. आमच्या गल्लीच्या तोंडाशी पाटलांचं मोठं घर होतं, त्या घरची ती सून. माहेर येलदरीचं. शाळेत असताना धरणाच्या रस्त्यानं पळायची, जिल्ह्यापर्यंत गेली होती. लग्न झालं आणि ते तिथंच थांबलं. तिनं सिस्टरांना पळताना रोज खिडकीतून बघितलं होतं. आली तेव्हा पायात साध्या चपला होत्या. सिस्टरांनी तिच्या पायांकडं बघितलं आणि घरातून आणखी एका दिवाळीचे बूट काढून दिले.

वैशाली पळायला लागली की आम्ही सगळे बघत राहायचो. तिचा पाय जमिनीला लागतोय की नाही कळायचं नाही. रफिक सर पायाळू असूनही तिच्या मागं पडले. घरी मात्र ती 'मारुतीला जाते' असं सांगून येत होती. दोन-तीन आठवडे मारुतीनं सांभाळून घेतलं. मग एक दिवस देवळातल्या पुजाऱ्यानं तिच्या सासूला सहज विचारलं की सूनबाई दर्शनाला का येत नाहीत. दुसऱ्या दिवसापासून वैशालीचं येणं बंद झालं.

तिच्या सासूला सगळे आक्का म्हणत. नवऱ्यामागं शेती, गडी, घर सगळं त्यांनीच चालवलं होतं, आणि त्यांच्या शब्दापुढं मुलगासुद्धा जात नसे. वैशाली चार दिवस दिसली नाही तेव्हा सिस्टर मला म्हणाल्या, चल माझ्यासंग, आक्काकडं जाऊन येऊ. मला वाटलं, आता भांडण होणार.

आक्का झोपाळ्यावर बसल्या होत्या. "ये सिस्टर, बस," त्या म्हणाल्या. "लय दिवसांनी आलीस." आम्ही खुर्च्यांवर बसलो. वैशालीनं चहा आणला, ट्रेमध्ये, कपबश्यांतून. सिस्टरांनी पाऊसपाण्याचं विचारलं, हरभऱ्याचं विचारलं. पळण्याचं नाव नाही. मग खाली बसून आक्कांचे गुडघे दाबून बघायला लागल्या. आक्कांनी दाबू दिले. थोड्या वेळानं आक्काच म्हणाल्या, "तुला माहिताय मी तिला कामून बंद केलं ते. घरातली बाई अशी उघड्या रस्त्यानं पळायची. अन् ते बी कुणाकुणाच्या मागं."

'कुणाकुणाच्या' म्हणताना त्या कुणाकडंही बघत नव्हत्या. दारात उभी असलेली वैशाली आत गेली. माझे कान तापले. सिस्टरांचा हात मात्र थांबला नाही.

"माझ्या मागं न्हाई पळत ती," त्या म्हणाल्या. "मीच तिच्या मागं असते. खोटं वाटत असंल तर येऊन बघा एकदा."

 सिस्टरांनी दुसरा गुडघा दाबला, शेक घ्यायला सांगितला आणि आम्ही उठलो.

परत येताना मला राहवेना. तुम्ही काहीच कसं बोलला नाहीत, असं मी जरा रागानंच विचारलं.  सिस्टरांनी चालता चालता सांगितलं. वैशालीचा नवरा त्यांच्याच हातचा. आक्का अडल्या होत्या, रात्र अवघड गेली होती. सकाळी पोरगं रडलं, आई वाचली, आणि सिस्टर हात धुऊन बाहेरच्या ओट्यावर येऊन बसल्या. घरात बाळंतपण करायला चालत होतं, चहा प्यायला आत बसायला चालत नव्हतं. त्यांचा कप वेगळा होता, ओट्यावरच्या कोनाड्यात पालथा घातलेला असायचा. प्यायल्यावर आपणच विसळून ठेवायचा.

"मग?" मी विचारलं.

"मग काय. चहा चांगला असायचा. साखर लय." थोडं पुढं गेल्यावर म्हणाल्या, "आज ट्रेमधी दिला. बघितलंस ना? साखर मातर कमी झाली."

त्या हसल्या की नाही, मला कळलं नाही. मफलर तोंडावर होता.

आठवडा गेला. एका पहाटे आम्ही गल्लीच्या तोंडाशी आलो तर पाटलांच्या घरासमोर जीप उभी, इंजिन चालू. पुढच्या सीटवर आक्का, डोक्यावरून शाल घेऊन. शेजारी डोळे चोळत बसलेला वैशालीचा नवरा. आणि जीपच्या पुढं वैशाली, पुण्याचे बूट घालून.  आम्ही पळायला लागलो, तशी जीप हळूहळू आमच्या मागं निघाली.

तेव्हापासून रोज हे असंच. पुढं आम्ही पाचजण, मागं जीप. अंधारात जीपच्या दिव्यांनी आमच्या सावल्या आमच्या पुढं लांबच लांब पडायच्या. रस्त्यानं जाणाऱ्यांना वाटायचं, कुणाला तरी पकडून नेतायत. वैशालीचा नवरा डिझेलवरून कुरकुरायचा, पण हळू आवाजात. सिस्टर खूश होत्या. खड्डे दिसतात, म्हणाल्या.

पहिले काही दिवस आक्का काच वर करून नुसत्या बघत होत्या. मग काच खाली आली. मग एके दिवशी आतून आवाज आला, "वैशाली, डावा पाय घासायलीस." वैशालीनं दचकून पाय उचलला. दुसऱ्या दिवशी गोविंदशेठांना ऐकू आलं, पोट आत घ्या शेठ. हळूहळू त्यांना सगळ्यांची चाल पाठ झाली. सिस्टर मागून एक सांगायच्या, आक्का त्यांच्याही मागून दुसरंच सांगायच्या. एकदा मात्र आक्का म्हणाल्या, "सिस्टर, तू उजव्या पायावर भार देईनास. काय झालंय?"

सिस्टरांनी ऐकलं न ऐकलंसं केलं. पण ते मलाही दिसलं होतं. त्या जिना एकेक पायरीवर दोन्ही पाय ठेवून चढायला लागल्या होत्या. संध्याकाळी मिठाची पुरचुंडी तव्यावर गरम करताना मी त्यांना धरलं. कुठं दुखतंय, बोट लावून दाखवा, म्हटलं.

"मला न्हाई दाखवायचं," त्या म्हणाल्या, आणि मला खोलीबाहेर काढलं.

शर्यतीच्या आदल्या दिवशी त्यांनी आम्हा सगळ्यांना बोलावलं, मटकीची उसळ-भाकरी खायला घातली आणि एकच गोष्ट कबूल करून घेतली. कुणी रस्त्यात बसलं तर त्याच्यापाशी थांबायचं नाही. "बसलेल्याला पाय दुखल्याचं वाटत न्हाई," त्या म्हणाल्या. "आपल्यापायी दुसरं थांबलं, त्याचं वाटतं." वैशालीला त्यांनी हे दोनदा म्हणायला लावलं. तेव्हाच मला कळायला हवं होतं की त्या कुणाबद्दल बोलतायत.

परभणीला सकाळी धुकं होतं. स्टेडियमबाहेर माणसांची ही गर्दी, गाणी, फुगे, तरुण पोरांचे रंगीत टीशर्ट. त्यात सिस्टर साडी खोचून, छातीवर नंबराचा कागद पिनांनी लावून उभ्या. एक-दोघांनी त्यांच्यासोबत फोटो काढले. शर्यतीच्या रस्त्यावर गाड्यांना बंदी होती, त्यामुळं आक्कांची जीप आत येईना. वैशालीच्या नवऱ्यानं कृषी विद्यापीठाकडं जाणाऱ्या रस्त्याच्या कडंला एका लिंबाखाली प्लास्टिकची खुर्ची टाकून त्यांना बसवलं. जाताना आणि येताना आम्ही तिथूनच जाणार होतो.

जाताना सगळे ठीक होतो. आक्का खुर्चीतून ओरडून काहीतरी सांगत होत्या, पण ढोलताशात ऐकू आलं नाही. वैशाली आणि रफिक सर पुढं गेले. गोविंदशेठ आणि मी मध्ये, सिस्टर आमच्या मागं. परतीला लागलो तेव्हा ऊन वर आलं होतं. पुढं गेलेली वैशाली सिस्टरांसाठी वेग कमी करून आता आमच्याच बरोबर पळत होती. तिला पुढं जा म्हटलं तरी जाईना. सिस्टरांच्या पावलांचा आवाज मागं येत होता, आणि मग तो येईनासा झाला.

मी वळून बघितलं. त्या रस्त्याच्या कडंला दगडावर बसल्या होत्या. उजवा पाय दोन्ही हातांनी धरलेला. चेहरा पांढरा पडला होता. मी थांबलेच. त्यांनी हात वर करून असा काही झटकला, जसं पिकात शिरलेलं वासरू हाकलावं.

"जा," त्या ओरडल्या. "कळ हाय. जाईल."

गोविंदशेठ माझा दंड धरून मला ओढत होते. वैशाली मात्र थांबली नव्हती. ती आता खरी सुटली होती, येलदरीच्या धरणावर पळायची तशी. आमच्या डोळ्यांदेखत ती लहान होत होत वळणाआड गेली.

मी पोचले तेव्हा माझ्यात काही शिल्लक नव्हतं. गोविंदशेठ पोचल्या पोचल्या जमिनीवर आडवे झाले आणि रडायला लागले. त्यांना मी पहिल्यांदाच रडताना बघत होते. दोन दिवस लावले, पण आलो, असं काहीतरी ते बोलत होते. वैशाली बायकांमध्ये तिसरी आली होती. रफिक सर तिला शोधून घेऊन आले. गळ्यात पदक होतं आणि ती एकसारखी विचारत होती, सिस्टर आल्या का. मी त्यांना बसलेलं बघितलं आणि तशीच आले, असं म्हणत होती. रुग्णवाहिका जाऊन बघून आली. कुणी म्हातारी बाई बसलेली सापडली नाही, म्हणाले.

आम्ही वाट बघत राहिलो. बक्षिसं वाटून झाली. मंडपाचे खांब उपसायला सुरुवात झाली. हवेची कमान सोडली तशी ती फसफसत खाली बसली. रस्ता मोकळा झाला, रिक्षा सुरू झाल्या.

आणि मग त्या रिक्षांच्या गर्दीतून, रस्त्याच्या कडेकडेनं दोन म्हाताऱ्या चालत येताना दिसल्या. एक साडी खोचलेली, लंगडणारी. दुसरी शाल घेतलेली, गुडघ्यांनी अधू. कोण कुणाला धरून आणतंय, ते लांबून कळत नव्हतं. मागून वैशालीचा नवरा प्लास्टिकची खुर्ची डोक्यावर घेऊन चालत होता. जीपमध्ये बसा म्हणून त्यानं दोघींना रस्ताभर विनवलं होतं म्हणे. सिस्टर नाही म्हणाल्या, मग आक्काही नाही म्हणाल्या.

जिथं कमान होती तिथं आता चुन्याची नुसती रेघ उरली होती. सिस्टरांनी ती थांबून बघितली आणि मग ओलांडली. आक्कांनीही ओलांडली.

वैशाली पळत गेली. सिस्टरांनी तिला जवळ येऊ दिलं नाही. आधी विचारलं, "मागं वळून बघितलंस का?"

"न्हाई," वैशाली म्हणाली.

"बरं केलंस."

"खोटं बोलायली," आक्का मध्येच म्हणाल्या. "दोनदा वळली. मी खुर्चीत बसून बघितलंय."

वैशालीनं मान खाली घातली. सिस्टर दुभाजकाच्या कठड्यावर टेकल्या आणि उजवा पाय पुढं केला. बूट पायात रुतून बसला होता. वैशाली भर रस्त्यात खाली बसली, तिनं तो पाय मांडीवर घेतला आणि नाडी सोडायला लागली. गावाकडून आलेली माणसं आजूबाजूला होती, ओळखीची होती, बघत होती. मी आक्कांकडं बघितलं. त्या सुनेच्या हातांकडं बघत होत्या.

"हळू ओढ," आक्का म्हणाल्या. "पाय सुजलाय त्यांचा."

'त्यांचा' म्हणाल्या. सिस्टरांबद्दल आक्कांच्या तोंडून हा शब्द मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. सिस्टरांनी मान वर करून त्यांच्याकडं पाहिलं, जरा वेळ पाहत राहिल्या, आणि मग दुसराही पाय वैशालीपुढं केला.